हॅच कोण लावणार?

शिडाच्या बोटीवर राहायला जायचं ठरलं तेव्हा मला वादळाची भीती वाटत होती. शार्कची वाटत होती, भर समुद्रात डोलकाठी मोडेल याची वाटत होती. छतातल्या एका काचेच्या दाराला घाबरून राहा, असं मात्र कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही.

त्या दाराला हॅच म्हणतात. ते आमच्या पलंगाच्या बरोबर वर आहे. पलंग म्हणायचं ते आपलं सवयीनं. प्रत्यक्षात तो बोटीच्या नाकाडात कोंबलेला त्रिकोण आहे. उशांकडे ऐसपैस, पायांकडे इतका निमुळता की चार पावलांत मिळून दीड पावलाची जागा. दिवसा हॅचमधून निळं आकाश दिसतं आणि त्याचा फोटो फार सुरेख येतो. आमचं वैर आहे ते रात्रीचं.

उष्ण कटिबंधात समुद्राचं पाणी 28-29 अंशांवर असतं आणि बोटीचं निम्मं अंग त्यात बुडालेलं. वरून दिवसभर तापलेला डेक, खालून कोमट समुद्र, मध्ये आम्ही दोघं. हवा यायला वाट एकच, हॅच. नांगरावरची बोट आपण होऊन वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे पुढची हॅच उघडी ठेवली की वारा थेट अंगावर येतो. निसर्गानं आणि बोट बांधणाऱ्यानं मिळून केलेली इतकी चोख सोय दुसरी नसेल. गोची एवढीच की पाऊसही त्याच भोकातून येतो.

आणि येतो तो रात्रीच. आधी मला वाटायचं, हे आमच्याच नशिबी आहे. मग वाचनात आलं की जमिनीवर जसे दुपारनंतर ढग भरून येतात, तसा भर समुद्रावरच्या पावसाला जोर चढतो पहाटेच्या सुमारास. रात्री ढगांचे माथे गार पडतात नि त्यांना ऊत येतो म्हणे. विज्ञान कळल्यामुळे उशी कोरडी राहत नाही, हेही त्याच पहाटे कळलं.

आमच्याकडे नियम साधा होता. पहिला थेंब ज्याच्या अंगावर पडेल त्यानं उठून हॅच लावायची. कागदावर अत्यंत न्याय्य. परिणाम असा झाला की दोघंही भिजत भिजत कोरडं असल्याचं नाटक करू लागलो. माझ्या कपाळावरून पाणी कानात उतरतंय आणि मी संथ श्वास घेतेय. शेजारी आमचे कॅप्टन. (नवरा. बोटीवर पाऊल ठेवल्यापासून ते कॅप्टन झाले, मी मात्र हुद्द्याविनाच राहिले.) त्यांचं घोरणं अचानक फार नियमित होतं. वीस वर्षं ते घोरणं ऐकलंय मी. खऱ्या घोरण्यात मध्येच एक खड्डा असतो. खोट्यात नसतो.

शेवटी कुणीतरी उठतं. उठणं म्हणजे गादीवर गुडघे टेकून, छताला डोकं न आपटता, आधी मच्छरदाणीची चौकट काढायची, ती कुठेतरी ठेवायची (म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर), मग हात वर घालून झाकण खाली ओढायचं आणि दोन्ही खिट्ट्या फिरवायच्या. तेवढ्यात झाकणावर साठलेलं पाणी ओंजळभर आत येतं, ते वेगळं. हॅच बंद झाली की केबिनचा प्रेशर कुकर होतो. घामाच्या धारा लागतात. चार मिनिटांनी पाऊस थांबतो. हॅच उघडा. वीस मिनिटांनी पुढची सर. एका रात्रीतला आमचा उच्चांक सात वेळांचा आहे.

बरं, हॅच एकच असती तर! बैठकीच्या जागेवर एक, स्वयंपाकाच्या ओट्यावर एक, संडासावर एक, शिवाय बाजूच्या छोट्या खिडक्या. पावसानं भिजलेली गादी निदान वाळते तरी. पण चालत्या बोटीत एकदा मी ओट्यावरची हॅच विसरले आणि एक लाट सोफ्यावर येऊन बसली. त्या सोफ्याची उशी अजून वाळलेली नाही. खारं पाणी उडून जातं, पण मीठ मागे राहतं आणि ते हवेतली ओल शोषत बसतं. गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय इलाज नाही, आणि टाकीतलं गोडं पाणी आम्ही दात घासतानासुद्धा मोजून घेतो. गंमत बघा, दिवसा आम्ही दोघं टाकीसाठी ढगांकडे डोळे लावून बसलेले असतो. तेव्हा सर येते ती बरोबर पलीकडच्या बेटावर.

कॅप्टननी उपाय केले नाहीत असं नाही. हॅचवर ताडपत्रीचा तंबू उभारला. तीन आठवडे शिवत होते. सरळ पडणाऱ्या पावसाला तो तंबू उत्तम आहे. इथला वाऱ्याचा पाऊस आडवा येतो. शिवाय भरती-ओहोटीच्या ओढीनं बोट फिरली की तिचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही आणि तंबूचं तोंड नको तिकडे होतं. वर ती ताडपत्री रात्रभर फडफडते. डोलकाठीवर दोऱ्या टकटक करतात त्या आहेतच. पाण्याखालूनही काहीतरी लाह्या फुटल्यासारखं तडतडत असतं. पहिल्या रात्री मला वाटलं वायरिंग जळतंय, आणि कॅप्टन टॉर्च घेऊन दोन तास बोटीचा तळ हुंगत फिरले. ती कोळंबीची एक जात निघाली. चिमूटभर जीव, पण नांगी मिटताना असा फटाका काढतो की बोटीच्या सालीतून आत ऐकू येतो. असो. तिला तरी हॅच लावायची नसते.

खरी मजा स्क्वॉल येतो तेव्हा. काळा ढग, गार वाऱ्याची एक झुळूक, आणि बघता बघता 10 नॉटचा वारा 35 नॉटवर, म्हणजे ताशी 65 किलोमीटर. तेव्हा प्रश्न हॅचचा राहत नाही, नांगराचा होतो. सहा मीटर पाण्यात आम्ही तीस मीटर साखळी सोडलेली असते. ती पुरेल की नाही, आणि शेजारच्यानं किती सोडली आहे, हे दोन्ही पहाटे तीन वाजता कळतं. बंदरातले सगळे आपापल्या डेकवर येतात, झोपेत जे अंगावर होतं त्यात. काहींच्या अंगावर फक्त टॉर्च असतो. दुसऱ्या दिवशी हीच मंडळी छोट्या होड्यांतून जाताना अदबीनं हात हलवतात. कुणी कुणाला पाहिलेलं नसतं.

मी फार कुरकुर केली की कॅप्टन जोशुआ स्लोकमचं उदाहरण देतात. 1895 ते 1898 या काळात त्यानं एकट्यानं शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पहिला माणूस. हिंदी महासागरात तर सुमारे 2,700 मैल त्याची बोट तेवीस दिवस आपली आपण चालली, सुकाणूला त्याचा हात तीन तासही लागला नाही.

"आणि बाकीचा वेळ?" मी विचारलं.

"वाचायचा. झोपायचा."

"एकटाच होता ना? मग बरोबर आहे. हॅच कोण लावणार यावरून भांडायला तरी कोण होतं?"

कॅप्टन गप्प झाले. तेव्हापासून स्लोकमचं नाव निघालेलं नाही.

काल रात्री पुन्हा पहिला थेंब आला. माझ्या गालावर. मी थांबले. दुसरा, तिसरा, मग मोजायची सोय राहिली नाही. शेजारी घोरणं सुरू झालं, बिनखड्ड्याचं. म्हटलं, ठीक आहे. मीही घोरायला लागले. सर पाऊण तास चालली.

सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "झोप लागली का गं?"

"छान लागली. तुला?"

"मस्त."

मग आम्ही दोघांनी मिळून गादी वर नेली, पिळता येईल तितकी पिळली आणि शिडाच्या आडव्या दांडीवर वाळत टाकली. पलीकडच्या बोटीवरही एक गादी लटकलेली होती, तिच्यापलीकडे आणखी एक. तिन्ही बोटींवरून आम्ही एकमेकांना हात केला.