हो, मी हेलिकॉप्टरच चालवायचो

आज २६ जानेवारी. खटाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये झेंडावंदनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. शाल, श्रीफळ, पोरांचं लेझीम, सगळं अगदी मनापासून केलेलं. आणि मग सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी माईकवर माझी ओळख करून दिली, "आपल्या मातीतले लढाऊ विमानाचे पायलट!" मी खुर्चीतूनच हळू म्हटलं, सर, हेलिकॉप्टर. तर माईकवर हात ठेवून म्हणाले, "असू द्या हो साहेब, पोरांना तेवढंच भारी वाटतं."

घरी येऊन चार तास झाले, जेवण झालं, ही म्हणतेय सोडून द्या आता, पण नाही सुटत. भारी वाटतं म्हणजे काय? आम्ही जे केलं ते सांगण्यासारखं नव्हतं का?

साताऱ्याचं सैनिक स्कूल (१९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल आपल्याकडं निघालं, हेपण आता पोरांना सांगावं लागतं), मग खडकवासल्याची एनडीए, मग दुंडीगलची हवाई दलाची अकादमी, मग हकीमपेटला हेलिकॉप्टरचं ट्रेनिंग. मान्य करतो, कुणाला काय मिळालं ते जाहीर झालं तेव्हा मलापण फायटरच पाहिजे होतं आणि दोन दिवस घास उतरला नव्हता. २१ वर्षांचा होतो. नंतर सियाचीनला चीता हेलिकॉप्टर उडवायला लागलो आणि ते मनातून कायमचं गेलं.

एकदा सकाळी सकाळी वरच्या एका पोस्टवरून मेसेज आला, जवानाला हॅपो झालाय. हॅपो म्हणजे उंचीवर फुप्फुसात पाणी भरतं, माणूस कोरड्यावर बुडतो म्हणा ना. ऑक्सिजन द्यायचा आणि लवकरात लवकर खाली आणायचं, हाच इलाज. आता खाली आणायचं म्हणजे काय ते ऐका. तिथं हवा इतकी विरळ की पंख्याला उचलायला काही मिळत नाही, इंजिनचापण जोर कमी पडतो. २० हजार फुटांवर आम्ही एका फेरीत जेमतेम २०-२५ किलो न्यायचो, म्हणजे रॉकेलचा एक कॅन. आणि इथं तर अख्खा माणूस उचलायचा. मग पेट्रोल पंपावर गाडीची टाकी फुल करतो तसं नाही, जाऊन येण्यापुरतं आणि वर थोडं, एवढंच इंधन घेऊन निघायचं. हेलिपॅड म्हणजे आपल्या घरापुढच्या अंगणाएवढी बर्फाची सपाटी, उतरताना पंख्याच्या वाऱ्यानं तोच बर्फ उडतो आणि पांढऱ्यात पांढरं, वर कुठं खाली कुठं कळत नाही, कडेला ठेवलेल्या एका काळ्या ड्रमवर नजर रोवून टेकायचं. इंजिन बंद करायचं नाही, कारण परत चालू होईल याचा भरवसा नाही. दोघा जवानांनी त्याला पोत्यासारखा आत सरकवला, दार लावलं, निघालो.

बेस कॅम्पला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा ओठ निळे पडलेले, ओठाच्या कडेला गुलाबी फेस. मी हेल्मेट काढून जवळ गेलो. त्यानं माझ्या छातीवरचं नाव वाचलं आणि मराठीत विचारलं, "साहेब, कुठलं?" म्हटलं, सातारा. तर म्हणाला, "मी खटावचा." मग दम घेतला, बराच वेळ घेतला, आणि म्हणाला, "आपल्याकडं पाऊस झाला का हो?"

सगळीकडं बर्फ. आणि हा पाऊस विचारतोय.

आपल्या माणसांना वेगळं सांगायला नको, दुष्काळी माण-खटावचा माणूस कुठंपण असो, जूनमध्ये त्याचा जीव कशात अडकलेला असतो. म्हटलं, झाला की, चांगला झाला. त्यानं डोळे मिटले आणि त्याला आत नेलं.

ते सर वाईट नाहीत, हे पण लिहितो. शाळेसाठी खपतात. पण मग वर्गातल्या ज्या पोरांचे वडील आर्मीत ड्रायव्हर आहेत, स्वयंपाकी आहेत, त्यांनी काय समजायचं? आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण कामी आले, त्यातलं कुणी विमान उडवत नव्हतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ लढाऊ विमान निवृत्त झालं तेव्हा मी स्वतः टीव्हीपुढं उभा राहिलो, डोळे भरून आले, फायटरवाल्यांबद्दल एक शब्द वाकडा काढणार नाही. पण २८ मे १९९९ ला कारगिल युद्धात तोलोलिंगला आमचं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं, चौघं गेले. त्यांना इजेक्शन सीट, म्हणजे पायलटला खुर्चीसकट बाहेर फेकून वाचवणारी सीट, नव्हती. हेलिकॉप्टरला ती सहसा नसतेच हो. हे सांगा की पोरांना, यात काय कमी आहे?

असो. चिडून लिहायला बसलो होतो, आता जरा शांत झालोय. आई गल्लीत सगळ्यांना "पोरगं इमान चालवतंय" सांगायची, तिला मी कधी दुरुस्त केलं नाही. तिची गोष्ट वेगळी.

निघताना आठवीतली एक मुलगी गाडीपाशी आली, विचारलं, हेलिकॉप्टर हवेत एका जागी उभं कसं राहतं? तिथंच वहीत काढून दाखवलं, वीस मिनिटं. सर घड्याळ बघत होते. पुढच्या शनिवारी परत जाणार आहे, लाकडी पंखा करून नेतो म्हणून तिला कबूल केलंय.

आणि तो जवान. दुसऱ्या दिवशी त्याला पुढच्या हॉस्पिटलला हलवलं, माझी ड्यूटी लागली, परत भेट नाही. नावसुद्धा धड विचारलं नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट, जून महिना, खटाव तालुका, उंच, सावळा, कपाळावर जुनी खोक. कुणाच्या घरातला असेल, ओळखीचा असेल तर मला मेसेज करा. त्याला एवढंच सांगायचंय, गड्या, त्या दिवशी मला पावसाचं काहीच माहीत नव्हतं.