पाचपैकी साडेतीन

इंग्लंडात बिटर नावाची जी बिअर मिळते ती चाखून तिला गुण द्यायचे, हे काम लांबून फार सुखाचं दिसतं. मुंबई-पुण्याकडची मित्रमंडळी तर उघड हेवा करतात. मग त्यांना सांगावं लागतं की बाबांनो, ही बिअर बारा अंशांवर पितात, हिच्यात बुडबुडे लागरच्या, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या थंडगार बिअरच्या, निम्म्याहूनही कमी, आणि मद्यार्क साडेतीन-चार टक्के. एवढं ऐकलं की हेवा ओसरतो आणि कणव सुरू होते. ‘एकदम चिल्ड’ आणि सोबत मसाला पापड, यावर पोसलेल्या जिभेला बिटर पहिल्या घोटाला गॅस गेलेली आणि कोमट वाटते. ती तशी नसते, हे पटवण्यातच निम्मी संध्याकाळ जाते.

बिटरचे ढोबळ तीन दर्जे. 3.2 ते 3.8 टक्क्यांची ऑर्डिनरी, 4.6 पर्यंतची बेस्ट, आणि त्यापुढची स्ट्राँग. यातली करायला सगळ्यात अवघड ती ऑर्डिनरी. मारिस ऑटर जातीच्या बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), रंगाला आणि टॉफीच्या चवीला थोडा क्रिस्टल माल्ट, फगल किंवा ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आणि ब्रुअरीचं स्वतःचं यीस्ट. संपली सामग्री. सात टक्क्यांच्या आयपीएत, म्हणजे भरपूर हॉप्सच्या इंडिया पेल एलमध्ये, मूठभर जास्त हॉप्स टाकून पाप झाकता येतं. इथे आडोसाच नाही. तरीही गुण लुटून नेते ती आयपीए, कारण तिचा आवाज मोठा. बिटरवर हा अन्याय रोज होतो आणि बिटर तक्रारही करत नाही.

आता गुणपत्रिका. स्पर्धेत बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेची पन्नास गुणांची असते: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या भरीवपणाला 5 आणि एकूण मताला 10. रूपाचे ते 3 म्हणजे शाळेत सुवाच्य अक्षराला मिळायचे तसे. गेले तरी कुणी नापास होत नाही. पबमध्ये मात्र कॅम्रा या 1971 पासून खऱ्या एलसाठी, म्हणजे पिंपातच मुरणाऱ्या पारंपरिक बिअरसाठी, झगडणाऱ्या संघटनेची शून्य ते पाच अशी पट्टी चालते, अर्ध्या गुणाच्या टप्प्यांनी. दोन म्हणजे बरी, तीन म्हणजे चांगली, चार म्हणजे फार चांगली. आणि ही पट्टी पाककृतीला नाही, तर त्या पबने ती बिअर कशी सांभाळली त्याला असते. ‘मला मुळात गोल्डिंग्ज आवडत नाहीत’ म्हणून दीड गुण देणारे महाभाग इथेच चुकतात.

सांभाळणं म्हणजे काय, ते तळघरात उतरल्याशिवाय कळत नाही. बिटर पबमध्ये येते तेव्हा तयार नसते, पिंपात अजून आंबत असते. या पिंपाचं नेहमीचं माप फर्किन, म्हणजे नऊ गॅलन, बहात्तर पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). ते आडवं स्टिलेज नावाच्या घोडीवर ठेवायचं, हलणार नाही असे लाकडी अडसर लावायचे आणि वरच्या शाइव्ह नावाच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकायची. जास्तीचा गॅस तिच्यातून फसफसत निघतो. तो शांत झाला की ती काढून कडक खुंटी, म्हणजे उरलेला गॅस आत राहतो. ही अदलाबदल लवकर केली तर ग्लासात नुसता फेस, उशिरा केली तर मेलेली बिअर. मग समोरच्या कीस्टोन नावाच्या बुचातून एका दणक्यात नळ ठोकायचा. दुसरा दणका लागला तर बिअर भिंतीवर.

गाळ खाली बसावा म्हणून पिंपात आयझिंग्लास घातलेलं असतं, म्हणजे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. आपल्या पालघरकडे घोळ माशाच्या अशाच पिशवीला जो भाव येतो, त्यामागे हाही एक उपयोग आहे. चतुर्थीला ‘बिअर काय, धान्याचीच’ म्हणणाऱ्यांनी हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजावं. हल्ली पुष्कळ ब्रुअरी याशिवायही करतात; त्यांची बिटर थोडी गढूळ दिसली तर तो दोष नव्हे. पण बाकीच्या ठिकाणी गढूळ आणि आंबट अशी जोडी जमली की बिअर बिघडली यात शंका नको.

पिंपातून बिअर जाते तितकी हवा आत येते. म्हणून नळ ठोकल्यापासून साधारण तीन दिवसांत पिंप संपलं पाहिजे. याचा व्यवहारात अर्थ असा की बारवर आठ हँडपंप (पिंपातली बिअर हाताने ओढून ग्लासात आणणारे दांडे) मिरवणारा ओस पब टाळावा आणि दोन पंपांचा गजबजलेला धरावा. दुपारी उघडताच पहिला पाइंट घेऊ नये. तो रात्रभर पाइपात झोपलेला असतो. पंपावरचा बिल्ला उलटा फिरवलेला असेल तर ती बिअर संपली आहे, तिच्यासाठी हट्ट धरू नये.

चाखण्याची रीत साधी आहे, पाळायला कठीण. ग्लास स्वच्छ आणि कोरडा हवा, साबणाचा अंश राहिला तर फेस मिनिटात बसतो. आधी उजेडात रंग बघा: तांबूस सोनेरी ते तांबूस तपकिरी. मग तळवा ग्लासावर ठेवून दोनदा फिरवा आणि लगेच हुंगा. बर्टन या इंग्लंडातल्या बिअरच्या जुन्या गावच्या जिप्समयुक्त पाण्याची बिअर असेल तर गंधकाचा वास नाकात शिरेल. मिनिटभर थांबा, जातो. नवशिके तेवढ्यावरच दोन गुण कापून मोकळे होतात. मग चांगला तोंडभर घोट घ्या आणि गिळा. वाइनवाल्यांसारखं थुंकून चालत नाही; कडवटपणाचा खरा निकाल गिळल्यानंतर लागतो. सोबत साधा पाव आणि पाणी. मिरची चापून आलेल्या जिभेने हॉप्सबद्दल मत देणं हा गुन्हा धरला पाहिजे.

दोष ओळखायचे तर लोणी-टॉफीचा बुळबुळीत वास म्हणजे डायअसेटिल हे आंबताना तयार होणारं रसायन, पुसटसा असला तर काही परीक्षक चालवून घेतात. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कच्चीच निघाली. ओल्या पुठ्ठ्याचा म्हणजे हवा लागली. दवाखान्याचा म्हणजे क्लोरीन कुठेतरी शिरलं. आणि व्हिनेगर म्हणजे ते पिंप कालच रिकामं व्हायला हवं होतं.

असा ग्लास परत करणं हीच खरी परीक्षा. बारवाल्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘ती अशीच असते हो, आणि बाकी कुणी तक्रार केली नाही.’ यावर वाद घालू नये. दोनच घोट घेतलेला ग्लास हळू आवाजात पुढे करावा आणि ‘जरा वास घेऊन बघता का?’ एवढंच म्हणावं. नाक खोटं बोलत नाही, बहुतेक बारवाले गुपचूप बदलून देतात. पाऊण ग्लास संपवून तक्रार करणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे.

उरला उत्तर-दक्षिण तंटा. उत्तरेकडे पंपाच्या चोचीला बारीक छिद्रांची टोपी लावतात, तिला स्पार्कलर म्हणतात. तिच्यातून बिअर जोरात निघते, फेस सायीसारखा जमतो, पण गॅसचा काही भाग आणि वास त्यातच खर्ची पडतो. यॉर्कशायरमधल्या कीथलीची लँडलॉर्ड नावाची बिटर, 4.3 टक्के, तिकडे अशीच ओततात आणि तिला शोभते. दक्षिणेकडे ससेक्समधल्या लुइसच्या हार्वीज बेस्टवर, 4 टक्के, ती टोपी चढवली तर तिकडचे लोक पाणीही विचारणार नाहीत. मी गुण देताना ती बिअर तिच्या घरी जशी ओततात तशी मागतो.

गुण लिहायची घाई नको. शेवटचा तिसरा हिस्सा उरतो तोवर बिअर पंधरा-सोळा अंशांवर गेलेली असते आणि दडलेलं सगळं वर येतं. तेव्हाही टोस्टसारखा माल्ट, मातकट हॉप्स आणि कोरडा शेवट शाबूत असेल, आणि हात आपोआप पाकिटाकडे जात असेल, तर साडेतीनच्या खाली जाऊ नये. चार द्यायचे तर दुसराही पाइंट पहिल्याइतकाच लागला पाहिजे. पाचाचं बोलू नका. पाच देणारा बहुधा तिसऱ्या पाइंटावर असतो.