तो फोटो पोरांना दाखवायलाच हवा

धाकट्या जावेने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘ताई, टीचरना चिठ्ठी देतेय, त्या तासाला आमच्या चिऊला बसवू नका म्हणून.’ पुतणी चौथीत आहे, इथेच न्यू जर्सीत. अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद कसा मोडला, हे वर्गात जुने फोटो दाखवून शिकवणार आहेत. फॉरवर्डचं म्हणणं असं: हे सगळं जुनंपुराणं, कोर्टाने १९५४ मध्येच मिटवलेलं, त्यातला प्रसिद्ध फोटो मुळात फोटोच नाही, असलं बघून कोवळ्या मनात विष कालवलं जातं, आणि काळ्या-गोऱ्यांच्या भांडणाशी आपल्या मुलांचा संबंध काय? तीन ग्रुपवर हेच फिरतंय. घरात चिठ्ठी लिहून तयार झाली, म्हणून आता गप्प बसवत नाही.

‘जुनंपुराणं’ आधी निकालात काढते. १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समध्ये सहा वर्षांची काळी मुलगी रूबी ब्रिजेस केंद्र सरकारच्या मार्शलांच्या, म्हणजे पोलिसांच्या, पहाऱ्यात गोऱ्यांच्या शाळेत गेली. तिचा जन्म १९५४ चा, म्हणजे आमच्या सासूबाईंच्याच वर्षीचा. सासूबाई काय पुराणातल्या आहेत? फोटो कृष्णधवल असल्यामुळे मुलांना ते फार लांबचं वाटतं, एवढं मात्र खरं.

कोर्टाने मिटवलं म्हणे! काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल मे १९५४ चा. रूबीला पहारा लागला तो त्यानंतर सहा वर्षांनी. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर काळ्या-गोऱ्या मुलांना एकत्र शिकवायला लागू नये म्हणून १९५९ ते १९६४ सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं.

फोटो नसून चित्र आहे, हेही अर्धं खरं. भिंतीवर फुटलेला टोमॅटो आणि समोरून चाललेली पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी, हे नॉर्मन रॉकवेलचं १९६४ चं चित्र. मान्य. पण रूबी शाळेच्या पायऱ्या उतरतेय, बाजूला मार्शल आहेत, हा खराखुरा फोटो आहे आणि तोच वर्गात दाखवावा.

आता ‘विष’. हा मुद्दा वाचून माझं डोकं फिरलं. अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहराचा फोटो एकदा नीट बघा. ४ सप्टेंबर १९५७, पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड. घरी शिवलेला पांढरा पोशाख, घेराला खाली चौकड्यांची पट्टी, डोळ्यांवर गॉगल, हातात वही. तिच्यासह नऊ काळ्या विद्यार्थ्यांनी गोऱ्यांच्या हायस्कुलात पहिल्यांदा एकत्र जायचं ठरलं होतं, पण तिच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचलाच नाही. ती एकटीच बसने आली. गव्हर्नरने उभे केलेले सैनिक तिला आत सोडेनात. ती बसस्टॉपकडे वळली आणि गर्दी मागे लागली. फोटोत तिच्या मागे जी मुलगी तोंड वासून ओरडतेय, ती गोरी हेझल ब्रायन, तीही पंधराचीच.

चौथीतलं मूल यात काय बघतं? नव्या वर्षासाठी हौसेने शिवलेले कपडे बघतं. तिच्यासोबत कोणीच नाही, हे बघतं. हेझलने पुढे पाच-सहा वर्षांनी फोन करून माफी मागितली. १९९७ मध्ये त्याच छायाचित्रकाराने, विल काउंट्सने, दोघींचा त्याच शाळेसमोर एकत्र फोटो काढला. त्यांची मैत्री झाली आणि नंतर तुटलीही. मुलांना हे सगळं सांगा. फोटो नुसता पडद्यावर टाकून पुढे गेलात तर मूल घाबरेल, हे मी मानते. मग टीचरना म्हणा, वेळ घ्या, बोला. तास बुडवून काय होणार?

आणि सहा वर्षांच्या रूबीने शाळेच्या दारात बायकांनी आणलेली शवपेटी बघितली, तिच्यात काळी बाहुली ठेवलेली. पालकांनी आपापली मुलं काढून घेतली, म्हणून ती वर्षभर वर्गात एकटी बसली, एक शिक्षिका आणि ती. तिने सहाव्या वर्षी ते सोसलं. आपल्या मुलीने नवव्या वर्षी त्याचा फोटोही बघायचा नाही?

राहिला आपला संबंध. मिसिसिपीच्या रोझडेलमध्ये मार्था लम नावाच्या चिनी मुलीला १९२४ मध्ये गोऱ्यांच्या शाळेतून घालवून दिलं. बाप सुप्रीम कोर्टापर्यंत लढला. १९२७ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं की राज्य तिला ‘रंगीत’, म्हणजे गोऱ्या नसलेल्या, मुलांच्या शाळेत पाठवू शकतं. चिनी पोरीची ही गत, तर चिऊला कुठल्या दाराने आत घेतलं असतं? आपण ज्या वाटेने इथे आलो ती १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडली, आणि तो कायदा याच नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात झाला. संबंध त्याच्याही आधीचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या माणसाला संबंध दिसला आणि आपल्याला इथे राहून दिसत नाही?

काल चिऊला मी एलिझाबेथचा तो फोटो दाखवला. रडली नाही, घाबरली नाही. निरोपाचं सांगितल्यावर तिने विचारलं, ‘मग कोणी तिच्या घरी जाऊन का नाही सांगितलं?’ तास बुधवारी आहे. चिठ्ठी अजून दप्तरातच आहे. काढून घे गं ती.