रिकॉलची गाडी शोरूमला नेऊ नका, म्हणे!

पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला तीनदा आला. दोनदा सोसायटीच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्यांदा सख्ख्या भाच्याकडून, खाली हात जोडलेले. विषय रिकॉलचा, म्हणजे दोष आढळला म्हणून कंपनीनं विकलेल्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा. मजकूर थोडक्यात असा: “कंपनीने टू-व्हीलर रिकॉल केली म्हणजे ती गाडी भंगार, शोरूमला नेली की ठेवून घेतात. वॉरंटी संपलेल्या, सेकंडहँड किंवा बाहेर सर्व्हिसिंग केलेल्या गाडीला रिकॉल लागू नाही. मोफत सांगतात आणि बिल फाडतात. तोच पार्ट बाजारात दोनशेला मिळतो, आपल्या फिटरकडून बसवून घ्या. आणि गाडी नीट चालत असेल तर काहीच करू नका.”

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासतो. गाड्यांचेच सुटे भाग. त्यामुळे हे वाचून हसू येण्याआधी चीड आली. यातलं बिलाचं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे, त्यावर येतोच.

आधी “भंगार”. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं मिटिऑर, क्लासिक आणि बुलेट या ३५० सीसीच्या मिळून २,३६,९६६ गाड्या बोलावल्या होत्या. त्यांत भारताबाहेर विकलेल्याही होत्या. दोष इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या इग्निशन कॉइलमध्ये. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, पण पार्ट बदलायची वेळ दहा टक्क्यांपेक्षाही कमी गाड्यांवर येईल असा कंपनीचाच अंदाज होता. बाकीच्यांनी यायचं, तपासून घ्यायचं, घरी जायचं. त्याच वर्षी होंडाच्या हायनेस सीबी ३५० चं रिकॉल आलं ते २५ नोव्हेंबर ते १२ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या गाड्यांपुरतं. गिअरबॉक्समधल्या चौथ्या गिअरच्या एका भागाला ठरलेलं मटेरियल वापरलं गेलं नव्हतं.

मोजून अठरा दिवस. हे अठरा दिवस कुठून निघतात हे कळलं की अर्धा फॉरवर्ड आपोआप गळून पडतो. आमच्याकडे कुठलाही माल येतो तो लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या नगांचा नंबर, घेऊन. कोणत्या तारखेला बनला, कोणत्या भट्टीतून निघाला, कोणत्या चलनावर आला, सगळं त्या नंबराला बांधलेलं. एखादा लॉट हार्डनेसमध्ये, म्हणजे कठीणपणाच्या तपासणीत, नापास झाला की आमच्याकडे पळापळ सुरू होते: त्यातले किती नग पुढे गेले, कधी गेले? गाडी जोडणाऱ्याकडे पुढची नोंद असते, तो लॉट कोणत्या चेसिस नंबरांवर चढला याची. रिकॉलची यादी अशी तयार होते. तुमची गाडी तुम्ही कशी ठेवलीय, किती धुता, ऑइल कधी बदलता, यातलं काहीही त्या यादीला माहीत नसतं.

“ठेवून घेतात” हे तर उलटंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०अ आलं. सरकारनं रिकॉलचा आदेश काढला तर कंपनीनं दोष दुरुस्त करून द्यायचा, नाहीतर तशीच किंवा त्याहून चांगली गाडी द्यायची, नाहीतर गाडीची पूर्ण किंमत परत करायची. नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत जातो. त्याआधीही २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, ऐच्छिक संहिता होतीच. आपल्याकडची बहुतेक रिकॉल्स कंपन्या स्वतःहूनच काढतात. फुकटात गाडी लाटायची असती तर कुणी स्वतःहून पेपरात सांगितलं नसतं की आमचा माल चुकला.

आता वॉरंटी, सेकंडहँड, बाहेरचं सर्व्हिसिंग. यासाठी भाच्याचीच गोष्ट सांगतो. त्यानं सिन्नरहून एक मोटारसायकल घेतली, दुसऱ्या हातची, वॉरंटी कधीच संपलेली. मागच्या ब्रेकचा स्विच मधेच काम करायचा, मधेच नाही. पाय दाबला तरी लाल दिवा लागेलच असं नाही. त्यानं गल्लीतल्या फिटरकडून स्विच बदलून घेतला, १२० चा स्विच आणि ५० मजुरी. एका रविवारी मी सहज आरसीवरचा १७ अक्षरं-आकड्यांचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकला. त्याच स्विचचं रिकॉल निघालं. मेसेज गेला होता, पण पहिल्या मालकाच्या मोबाइलवर. नव्या मालकाचा नंबर कंपनीला कोण कळवणार?

“मामा, आता तर लाइट लागतोय की!” भाचा म्हणाला. तरी गेलो. शोरूमवाल्यानं मालक कितवा, हे विचारलंसुद्धा नाही. नंबर टाकला, स्क्रीनवर काम बाकी दिसलं, गाडी आत घेतली. रिकॉल चेसिसला चिकटलेलं असतं. मालक बदलो, एमएच १५ ची गाडी एमएच ४१ ला जावो, नोंद तिच्याबरोबरच जाते. वॉरंटी हा वेगळा करार आहे, त्याचा इथे संबंध नाही. होंडानं वरच्या रिकॉलमध्ये तर वॉरंटी असो वा नसो, काम मोफत, असं स्पष्टच सांगितलं होतं. एक अडचण मात्र खरी येते: ज्या वायरिंगचं काम आहे तिथूनच तुम्ही फॉगलॅम्प किंवा प्रेशर हॉर्नला लाइन घेतली असेल, तर शोरूमवाला आधी ते काढा म्हणेल. तिथे त्याचं चूक नाही.

बिलाचं मात्र ऐका. जॉबकार्डवर, म्हणजे गाडीची कामं लिहायच्या कागदावर, शोरूमच्या ॲडव्हायझरनं रिकॉलच्या ओळीखाली भराभर आणखी तीन ओळी लिहिल्या: इंजिन फ्लश, चेन क्लीनिंग, टेफ्लॉन कोटिंग. बेरीज ११४० रुपये. “सर, गाडी आलीच आहे तर करून घेऊ.” सूर असा की हेही त्यातच आलं. मी त्याच्याच पेनानं तिन्ही ओळींवर काट मारली आणि सही केली. तो काही बोलला नाही. रिकॉलच्या कामाचे पार्ट आणि मजुरी शून्य, तेवढंच. लोक इथेच फसतात. सर्व्हिसिंगचं बिल भरतात आणि घरी येऊन सांगतात की रिकॉलला हजार रुपये लागले. तेव्हा रिकॉलची ओळ वेगळी लिहून घ्या, काम झाल्यावर ‘पूर्ण’ अशी नोंद सिस्टिममध्ये झाली का ते स्क्रीनवर बघा आणि जॉबकार्डची प्रत घ्या. रिकॉलच्या कामाचेच पैसे मागितले तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. गाडीतल्या दोषाची तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवरही नोंदवता येते. पार्ट आलेला नाही म्हणून दोन हेलपाटे पडू शकतात, हेही कबूल. आधी फोन करून पार्ट आहे का विचारा, नाहीतर भर दुपारी मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधून रिकामं परत यावं लागेल.

“तोच पार्ट बाजारात दोनशेला.” तोच, हीच तर भीती! रिकॉल निघालं की डीलरला स्टोअरमधला संशयित माल बाजूला काढायला सांगतात. द्वारकेच्या बाजूच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून तो लॉट कोण वेचून काढणार? अस्सल म्हणून घेतलात तर कदाचित त्याच खराब लॉटचा नग घरी आणाल. नक्कल घेतलीत तर तो कुणीच तपासलेला नसेल. शिवाय रिकॉलमधला पार्ट बऱ्याचदा जुन्यासारखा दिसतो, पण आतून सुधारलेला असतो. भाच्याच्या गाडीत नवा स्विच बसवताना मेकॅनिकनं फिटरनं घातलेला काढून माझ्या हातावर ठेवला. चार महिन्यांचा होता. पाणी अडवणारं रबराचं टोपण एका बाजूनं उलटलेलं, आत पाणी शिरून टर्मिनलवर हिरवट थर. आमच्या फिटरचा हात वाईट नाही, क्लच त्याच्याइतका छान कुणी सेट करत नाही. पण त्याच्याकडे ना तो पार्ट, ना कंपनीचं ते परिपत्रक. आणि त्यानं उत्तम काम केलं असतं तरी चेसिसच्या नावावर रिकॉल बाकीच राहिलं असतं. उद्या गाडी विकताना गिऱ्हाईकानं नंबर टाकला की ते दिसणारच.

घरी करायचं काम एकच, चेसिस नंबर तपासायचं. तो हँडलखाली चौकटीवर कोरलेला असतो, आरसीवर छापलेला असतो. पाच मिनिटं लागतात.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक: गाडी नीट चालते, मग कशाला? डिसेंबर २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डनं २६,३०० क्लासिक ३५० बोलावल्या होत्या. मागे ड्रम ब्रेक असलेल्या, १ सप्टेंबर ते ५ डिसेंबर या काळात बनलेल्या. मागच्या ब्रेकवर विशिष्ट परिस्थितीत फार जोर पडला तर मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरचा रिअ‍ॅक्शन ब्रॅकेट खराब होऊ शकतो, मग आवाज येतो आणि ब्रेक कमी लागतो, असा तो दोष. आता सांगा, कॉलेज रोडवर सिग्नल टू सिग्नल चालवताना हा कधी दिसणार? पण सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना मागे बायको, मधे पोरगं, हँडलला प्रसादाची पिशवी, आणि वळणावळणाला उजवा पाय पेडलवर उभा. दिसला तर तिथेच दिसेल. इग्निशन कॉइलचंही तसंच. गाडी अधूनमधून आचके देते आणि आपण पेट्रोलमधल्या इथेनॉलला शिव्या घालत पंप बदलत बसतो.

भाच्याची गाडी पाऊण तासात बाहेर आली. अंधार पडला होता. तो ब्रेक दाबत होता, मी मागे उभा राहून लाल दिवा बघत होतो. तो हिरवट स्विच त्यानं टाकला नाही. त्याचा फोटो काढून त्याच ग्रुपवर टाकलाय, फॉरवर्डच्या बरोब्बर खाली.