ड्रायव्हरच का लिहू नये? एका आक्षेपाला उत्तर

तुमचा आक्षेप असा, की लिनक्सवर यूजर प्रोग्रॅममधून (कर्नलबाहेर चालणाऱ्या साध्या प्रोग्रॅममधून) थेट हार्डवेअरच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नियंत्रणाच्या खणात) लिहायला शिकवणं बेजबाबदारपणाचं आहे. ज्याला हार्डवेअर हाताळायचंय त्याने कर्नल ड्रायव्हरच लिहावा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा कोड. यातलं अर्धं मला मान्य आहे.

मी माझ्या उदाहरणात /डेव्ह/मेम (हार्डवेअरचे सगळे पत्ते दाखवणारी फाइल) उघडून एमएमॅप केलं होतं, म्हणजे ते पत्ते प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडले होते. तिथे पत्ता चुकला तर भलत्याच पेरिफेरलमध्ये (चिपमधल्या दुसऱ्याच घटकात) काहीतरी लिहिलं जातं आणि अख्खा बोर्ड लटकू शकतो. रास्पबेरी पायवर /डेव्ह/जीपीआयओमेम आहे, त्यातून फक्त जीपीआयओची (इनपुट-आउटपुट पिनांची) रजिस्टर्स दिसतात. तेच दाखवायला हवं होतं. कोड आजच बदलतो.

पण खरी गोम वेगळीच आहे. पाय ४ पर्यंतच्या चिपवर पिन १७ आणि १८ ची दिशा एकाच ३२ बिटी रजिस्टरमध्ये असते, प्रत्येक पिनला ३ बिट. एक प्रोग्रॅम १७ आउटपुट करायला ते रजिस्टर वाचतो, आपले बिट बदलतो, आणि परत लिहिणार तोच शेड्युलर (कोणता प्रोग्रॅम कधी चालेल ते ठरवणारा कर्नलचा भाग) त्याला बाजूला करतो. तेवढ्यात दुसरा प्रोग्रॅम १८ आउटपुट करून मोकळा होतो. पहिला परत येऊन आपली जुनी प्रत लिहितो, की १८ पुन्हा इनपुट! एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही, नुसता रिले हलत नाही. या बगपायी मी एक अख्खी रात्र वायरी तपासत बसलो होतो. पिन चालू-बंद करताना हे होत नाही, कारण सेट आणि क्लिअरची रजिस्टर्स वेगळी आहेत आणि तिथे ० लिहिलेल्या पिनला धक्काच लागत नाही.

यासाठी नवा ड्रायव्हर कशाला? कर्नलमध्ये तो आहेच. /डेव्ह/जीपीआयओचिप० मधून पिन मागितली, की ती दुसऱ्या प्रोग्रॅमला मिळत नाही, त्याला 'बिझी' असं उत्तर येतं. एफपीजीएमध्ये (हवं तसं सर्किट भरता येणाऱ्या चिपमध्ये) स्वतःचा ब्लॉक असेल तर यूआयओ (हार्डवेअर यूजर प्रोग्रॅमला उघडं करून देणारी कर्नलची सोय) वापरा: रजिस्टर्स एमएमॅप करायची आणि /डेव्ह/यूआयओ० वर रीड लावून इंटरप्टची, म्हणजे हार्डवेअरच्या इशाऱ्याची, वाट बघायची. डिव्हाइस ट्री (बोर्डवर कोणतं हार्डवेअर कुठे आहे याची यादी) नीट असेल तर कर्नलमध्ये एक ओळही लिहावी लागत नाही, आणि तुमचा कोड जीडीबीत (डीबगरमध्ये) निवांत तपासता येतो. हा मुद्दा मी सोडणार नाही.

मायक्रोसेकंदांचं टायमिंग पाळायचं असेल तर मात्र यूजर प्रोग्रॅमचा भरवसा नाही. तुम्ही कशावर काम करता ते लिहिलं नाहीत. डीएमए (हार्डवेअरने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत डेटा नेणं-आणणं) असेल, तर माझंही मत तुमच्याच बाजूने: ड्रायव्हर लिहा.