नळबणवर उतरता येत नाही, हेच बरं

ओडिशातल्या चिल्का सरोवराचे फोटो परवाच टाकले. ही पोस्ट वाचून आमच्या सहलीतले एक-दोघं रुसतील, पण लिहितेच.

बोट सरोवरातल्या नळबण बेटाच्या दिशेला लागली आणि आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "उतरायचं कुठून?" नावाडी म्हणाला, उतरायचं नाही, बोट लांबूनच जाते. "एवढे पैसे मोजून आलो ते लांबून बघायला?" काकांनी पाचशेची नोट काढली. त्याने ती घेतली नाही. मला तो माणूस फार आवडला.

नळबण म्हणजे नळाचं बन. ओडियातही आपल्यासारखा ळ आहे. (आमच्या मुलांना नळ म्हटलं की तोटी आठवते, पाणवठ्यावरचं बोरूसारखं गवत नाही.) क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस किलोमीटर, पण घर नाही, देऊळ नाही, चहाची टपरी नाही. पावसाळ्यात बेट पाण्याखाली जातं. पाऊस सरला की पाणी ओसरतं, चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलातले किडे, गोगलगायी, पाणवनस्पती खायला दूरदूरहून, कितीतरी तर हिमालयापलीकडून, पाखरं उतरतात. रोहित (फ्लेमिंगो), तलवार बदकं, थापट्या बदकं, पट्टकदंब हंस. हिवाळ्यात नुसत्या या एका बेटाच्या आसपास लाखांनी पक्षी मोजले जातात. १९८७ साली ते अभयारण्य झालं.

पाय टेकायचाच असेल तर त्याच सरोवरात कालिजाईचं बेट आहे. सासरी निघालेली जाई नावाची मुलगी वादळात नाव उलटून बुडाली आणि तिची देवी झाली, अशी कथा सांगतात. संक्रांतीला तिथे मोठी जत्रा भरते. माणसांना एक बेट, पाखरांना एक. वाटणी चांगली आहे की!

आता आपल्याकडचं. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर हेच पट्टकदंब येतात, रोहितही येतात. तिथे मी स्वतः ऐकलंय, "दादा, जरा जवळ घ्या, उडताना फोटो पाहिजे." बोट सरळ थव्यात घुसते, हजारभर पंख एकदम उघडतात, सगळे "वाऽ" म्हणतात. त्या वेळी मीही म्हटलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण त्या उडण्याची किंमत पाखरू भरतं. पट्टकदंबाला उन्हाळ्याआधी हिमालय ओलांडून परत जायचंय. त्यासाठी अंगावर चरबी साठवायची तर दिवसभर चरायला हवं. आपण दिवसातून दहा वेळा उठवलं तर खाल्लेलं उडण्यातच जातं. बोटवाल्यांना नावं ठेवून उपयोग नाही, त्यांचं पोट आपल्या फर्माइशीवर चालतं.

चिल्काच्याच काठावर मंगळाजोडी नावाचं गाव आहे. तिथले एकेकाळी पक्षी मारणारे लोक आज त्याच पाखरांची राखण करतात आणि पर्यटकांना काठीने ढकलायच्या होडीतून, इंजिनाच्या आवाजाविना फिरवतात. उजनीच्या उथळ काठाला अशा होड्या का चालू नयेत? वेळ लागेल, फोटो कमी मिळतील, एवढंच.

परतताना काकांनी माझी दुर्बीण मागून घेतली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, ती शेपटी टोकदार असलेली कुठली?"

तलवार बदक, काका.

दुर्बीण काही त्यांनी काठावरचं बाळूगाव येईपर्यंत परत दिली नाही.