विषय नव्हे, मोजता येणारा प्रश्न शोधा

शाळेच्या विज्ञान प्रकल्पांत ज्वालामुखी आणि सूर्यमालेच्या तयार मॉडेलांपलीकडे मुलांनी जावं, हे त्यावरच्या लेखातलं म्हणणं अगदी पटलं. त्यासाठी आधी विषय न ठरवता मोजता येईल असा प्रश्न ठरवावा. इंदूरच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी एक सुचवतो: गच्चीवरून आपल्या शहराचा अक्षांश काढणं.

२२-२३ सप्टेंबरला १ मीटरची सरळ काठी ओळंब्याने उभी करायची. १२ ते १२:४० दर ४ मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची. सर्वांत आखूड सावली ४२ सेंटीमीटरच्या आसपास येते. सावली भागिले उंची म्हणजे सूर्य डोक्यावरून जितका कललेला त्या कोनाचा टॅन, कोन साधारण पावणेतेवीस अंश. त्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर असतो, म्हणून हा कोनच आपला अक्षांश. गणित आणि विज्ञान, दोन्ही त्यात आलं.

बहुतेक मुलं चुकतात ती घड्याळात बारा वाजताच मोजून. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, इंदूर ७५.९ च्या आसपास. त्या दिवशी इथला खरा मध्यान्ह १२:१९ च्या सुमारास होतो. काठी उत्तरेकडे एक अंश जरी कलली तरी सावली पावणेदोन सेंटीमीटर वाढते. शिवाय टोक सेंटीमीटरभर पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. काठीवर बारीक भोकाचा पुठ्ठा आडवा लावा, जमिनीवरच्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा आणि उंची भोकापर्यंतच मोजा. ढगांसाठी एक-दोन दिवस हाताशी ठेवा, सप्टेंबरचा भरवसा नाही.

गच्ची नसेल तर पाण्याचा कठीणपणा तपासा. नळाला येणारं नर्मदेचं आणि बोअरिंगचं पाणी घ्या: समान पाणी, साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाकत हलवायचं, फेस टिकेपर्यंत; जास्त थेंब लागले तर पाणी जास्त कठीण. डिटर्जंट मात्र चालणार नाही, त्याचा फेस कठीण पाण्यातही होतो.